काडीवर जगणारं वाण

इंग्लंडच्या सफक परगण्यात कलफर्ड हॉल नावाची एक जुनी जमीनदारी हवेली आहे. आता तिथे शाळा भरते. एकोणिसाव्या शतकात तिथले मुख्य माळी होते पीटर ग्रीव्ह. त्यांनी १८५८ साली जिरेनियमचं एक वाण तयार केलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मिसेस पोलॉक’. हिरव्या पानाला पिवळी कड आणि मधोमध तांबूस-तपकिरी पट्टा, असं ते पान. बी पेरलं तर हे वाण तसंच्या तसं मिळत नाही. म्हणजे आज आमच्या ग्रीनहाउसमध्ये जी ‘मिसेस पोलॉक’ आहे, ती ग्रीव्हनी निवडलेल्या त्या एका रोपाचीच फांदी आहे. कुणीतरी तिची काडी तोडली, मातीत खोचली, हिवाळ्यात गोठू दिली नाही. मग त्या रोपाची काडी पुढच्या कुणीतरी तोडली. मध्ये दोन महायुद्धं झाली. काचघरं तापवायला कोळसा मिळेना, फुलांच्या जागी भाजीपाला लागला आणि कितीतरी वाणं कायमची गेली. ‘मिसेस पोलॉक’ राहिली.

नवं वाण तयार करण्याच्या कामात मी पडले तेव्हा मला वाटायचं, हे सगळं पुढे बघण्याचं काम आहे. जे अजून नाही ते घडवायचं. प्रत्यक्षात त्यातलं निम्म्याहून जास्त काम मागचं सांभाळण्याचं निघालं.

मी याच सफकमध्ये एका छोट्या, घरच्या नर्सरीत काम करते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात उद्यानविद्या शिकले, लग्नानंतर इकडे आले आणि सुरुवातीला मोसमापुरती कुंड्या भरायला म्हणून लागले ती तिथलीच झाले. आमचे मालक वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारते. लिहिताना मात्र हातून ‘मालक’च लिहिलं जातं. नर्सरी चालते ती उन्हाळी कुंडीतल्या रोपांवर. पण मागच्या अंगाला एक जुनं काचघर आहे, त्यात त्यांचा खरा जीव. तिथे फक्त जिरेनियम.

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत जिरेनियम म्हटलं की तेलाची शेती आठवते. पानं उकळून वाफेवर काढलेलं, गुलाबाच्या वासाचं तेल. ते सुगंधी जिरेनियम आणि कुंडीतलं फुलांचं जिरेनियम ही एकाच पेलार्गोनियम कुळीतली भावंडं. माहेर दोघांचं दक्षिण आफ्रिका. फुलांच्या जिरेनियमचे मुख्य पूर्वज दोन, झोनेल आणि इन्क्विनन्स. अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच ते युरोपच्या बागांत पोचले होते. बकिंगहॅम राजवाड्यासमोर लालभडक ताटवे दिसतात ते यांच्याच वंशातले. लंडनच्या धुरात आणि खिडकीतल्या मूठभर मातीत तगणारं दुसरं फुलझाड सापडणं कठीण, म्हणून गरिबाच्या खिडकीतही ते पोचलं.

आणि त्याची नवी वाणं करणारे लोक तरी कोण? फ्रान्समधल्या नान्सीच्या व्हिक्टर लेम्वानसारखे धंदेवाईक नर्सरीवाले होतेच. जिरेनियमला दुहेरी फूल आलं ते त्यांच्या काळात, १८६० च्या दशकात. पण लंडनच्या कॅटफर्ड भागातले आर्थर लँगली-स्मिथ शाळामास्तर होते. १९३० च्या दशकात त्यांनी लिंबाच्या वासाच्या बारीक पानांच्या क्रिस्पम जातीचा संकर मोठ्या फुलांच्या रीगल वाणाशी केला आणि ‘एंजल’ नावाचा एक अख्खा वर्गच उभा राहिला. आमच्या सफकमधल्या ऑकल्ड गावचे पाद्री रेव्हरंड स्ट्रिंगर यांनी बुटक्या जिरेनियमचा वेलीच्या जिरेनियमशी संकर करून ‘डीकन’ मालिका दिली. ऑस्ट्रेलियात टेड बोथ यांनी चांदणीसारख्या पानाफुलांची ‘स्टेलर’ वाणं केली. प्रयोगशाळा कुणाकडे होती? वेळ होता, चिमटा होता आणि कुठल्या रोपाचं काय होतंय हे लिहून ठेवायची सवय होती. मालक ही नावं घरातल्या वडीलधाऱ्यांची घ्यावीत तशी घेतात. त्यांच्या तोंडून ती ऐकली तेव्हाच मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्यालाही जमेल.

आम्हाला हवं होतं ते असं: वीतभर उंचीचं बुटकं रोप, पान जवळजवळ काळं आणि त्यावर फिकट अबोली रंगाचं, अर्धदुहेरी फूल. अर्धदुहेरीच का, याला कारण आहे. एकेरी फुलाच्या पाकळ्या फार लवकर गळतात. पूर्ण दुहेरी फुलाचा गुच्छ इथल्या पावसात पाणी धरतो, आतून करडी बुरशी येते आणि सगळा गड्डा कुजतो. मधलं काहीतरी पाहिजे. काळ्या पानाचं जुनं बुटकं वाण आमच्याकडे होतं, त्याचं फूल लाल. अबोली, अर्धदुहेरी फुलाचंही एक जुनं वाण होतं, पण उंच आणि हिरव्या पानाचं. दोघांचा संकर करायचा एवढं ठरलं.

फूल फुलण्याच्या आदल्या दिवशी कळीच्या टोकाला रंग दिसायला लागतो. त्या वेळी कळी हलक्या हाताने उघडायची. आत दहा तंतू असतात, त्यातल्या साधारण सातांवर परागकोश. ते बारीक चिमट्याने एकेक काढून टाकायचे, मधल्या स्त्रीकेसराला धक्का लागता कामा नये. जिरेनियमचं एक बरं आहे: त्याचे पराग आधी पिकतात आणि कुक्षी नंतर उमलते. त्यामुळे घाई नसते. दोन-तीन दिवसांनी स्त्रीकेसराच्या टोकाला पाच बारीक बोटं फुटतात आणि बाहेरच्या बाजूला वळतात. भिंगातून बघितलं तर त्यांच्या आतल्या अंगावर मखमलीसारखी लव दिसते. तीच वेळ. दुसऱ्या वाणाचा ताजा फुटलेला परागकोश चिमट्यात धरायचा आणि त्या पाच बोटांवर अलगद फिरवायचा. शेंदरासारखे केशरी पराग तिथे चिकटून राहतात. मग देठाला दोरा, दोऱ्याला लेबल: आई कोण, बाप कोण, तारीख.

अर्धदुहेरी फुलात बरेचसे पुंकेसर पाकळ्या होऊन गेलेले असतात. अबोली वाणाची फुलंच्या फुलं उलगडावी लागायची, तेव्हा कुठे एखाद्या पाकळीच्या कडेला अर्धवट परागकोश चिकटलेला सापडायचा. सकाळी ऊन वर येण्याआधी हे काम करायचं. दुपारच्या उष्णतेत पराग लवकर वाळतो.

पराग लागला की नाही, हे सांगायला झाड वेळ लावत नाही. लागला तर त्या फुलाच्या पाकळ्या बाकीच्यांच्या आधी, कधी कधी काही तासांतच, गळतात. काम झाल्यावर झाड पाकळ्या सांभाळत बसत नाही. कुक्षी मिटते आणि स्त्रीकेसर चोचीसारखा लांबायला लागतो. महिना-सव्वा महिन्यात ती चोच वाळून तडकते आणि पाच बिया सुटतात. प्रत्येकीला पिसासारखी शेपटी असते आणि ती वाऱ्यावर उडते. म्हणून वेळेआधी मलमलीची छोटी पिशवी बांधून ठेवायची. एका फुलात फार तर पाच बिया. पुष्कळदा दोन, पुष्कळदा एकही नाही.

वर ज्या अबोली वाणाबद्दल लिहिलं, ते पहिल्या संकराला पुरेसे पराग मिळायच्या आतच आमच्याकडून गेलं. बाहेरून मागवलेल्या काड्यांबरोबर एका वर्षी जिवाणूजन्य करपा आला. हा रोग थंडीत गुपचूप बसतो. रोप निरोगी दिसतं, काडी निरोगी दिसते. वसंतात ऊब वाढली की पानाच्या कडेपासून आत शिरलेला पिवळा त्रिकोण दिसतो, पान छत्रीसारखं खाली लोंबतं, मग खोड आतून काळं पडतं. यावर औषध नाही. चाकू, पाण्याचे शिंतोडे, हात, सगळ्यांतून तो पसरतो. शेजारच्या रोपांसकट सगळं जाळावं लागतं, बाकं धुवावी लागतात, कुंड्या फेकाव्या लागतात. आम्ही तेच केलं. त्या बाकावर अबोली वाणाची सगळी रोपं होती.

मोठ्या धंद्यात हीच गोष्ट कुठल्या आकाराची होते हे २००३ साली दिसलं होतं. युरोप-अमेरिकेला लागणाऱ्या जिरेनियमच्या काड्या आता मुख्यतः केनिया, इथिओपिया, युगांडा, ग्वाटेमाला, मेक्सिको इथे तयार होतात. तिथल्या टेकड्यांवरच्या हवेत बारा महिने वाढ होते आणि काड्या खुडणारे हात बहुतेक बायकांचे असतात. त्या वर्षी केनियातून अमेरिकेत गेलेल्या काड्यांमध्ये राल्स्टोनिया नावाचा, बटाट्यालाही मारक असा जिवाणू सापडला आणि लाखो रोपं नष्ट करावी लागली. फुलाचं वाण इतक्या थोड्या ठिकाणी, इतक्या एकगठ्ठा वाढवलं की त्याचं मरणही एकगठ्ठा येतं.

आमचं अबोली वाण कुठल्याच सूचीत नव्हतं. मालकांनी ओळखीच्या नर्सऱ्यांना फोन केले. कुणाकडे नाही. कुणी म्हणालं, होतं खरं, पण खप नव्हता म्हणून सोडून दिलं. बी-बँकेत असण्याचा प्रश्नच नाही, कारण बियांतून ते तसं येतच नाही. शेवटी आमच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंच्या घरी ते निघालं. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, बाहेरची बाग सोडून दिलेली. स्वयंपाकघराच्या दक्षिणेकडच्या खिडकीत दोन कुंड्या होत्या, त्यातली एक ही. आमच्याच मालकांच्या वडिलांकडून त्यांनी ती कधीतरी नेली होती. दर ऑगस्टमध्ये काडी लावायची आणि जुनं रोप टाकून द्यायचं, हा त्यांचा नेम. वाणाचं नाव त्यांना आठवत नव्हतं. त्या त्याला नुसतं ‘स्वयंपाकघरातलं’ म्हणायच्या. त्यांनी आम्हाला चार काड्या दिल्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून. गाडीत मी त्या मांडीवर घेऊन बसले होते. मालक वाटभर एक शब्द बोलले नाहीत.

त्या चार काड्यांवर पुढचं सगळं उभं आहे.

पहिल्या पिढीची रोपं फुलली तेव्हा अर्धदुहेरी फूल दिसलं, पण रंग सगळीकडे लाल-गुलाबी आणि उंची बापावर गेलेली. बुटकेपणा आणि फिकट रंग दोन्ही दडून बसले होते. हे अपेक्षितच होतं. त्यांची आपसात गाठ घालून दुसरी पिढी काढायची, म्हणजे दडलेलं वर येतं. इथे हिशेब कळावा लागतो. झोनेल जिरेनियममध्ये काही वाणांत १८ गुणसूत्रं असतात, काहींत ३६. अठराचं वाण असेल तर दडलेले दोन गुण एकाच रोपात यायची शक्यता सोळांत एक. छत्तीसचं असेल तर तेच प्रमाण १,२९६ मध्ये एक इतकं खाली जातं. आणि एक अठराचं, एक छत्तीसचं असं जोडलं तर होणारी संतती बहुधा वांझ. छोट्या नर्सरीने कशाच्या वाटेला जावं आणि कशाच्या नाही, हे या एका आकड्यावर ठरतं. सुदैवाने आमची दोन्ही वाणं अठराची होती.

त्याच सुमाराला मी जोडीला एक दुसरा संकर केला होता, पांढऱ्या कडेच्या पानाच्या वाणाशी, केवळ कुतूहलापोटी. त्याची रोपं उगवली तेव्हा ट्रेमध्ये तीन प्रकार दिसले: हिरवी, हिरवी-पांढरी पट्ट्यांची, आणि काही पूर्ण पांढरी. पांढरी रोपं दिसायला अतिशय सुंदर होती. दोन दळं, कागदासारखी शुभ्र, देठात किंचित गुलाबी झाक. त्यांच्यात हरितद्रव्य नाही. बियांत आईने ठेवलेली शिदोरी संपली की ती संपतात. आठवड्याभरात एकेक मान टाकत गेलं. अशाच रोपांवरून जर्मनीत एर्विन बाऊर यांनी १९०९ साली दाखवून दिलं की पानाचा हिरवेपणा मेंडेलच्या नियमांबाहेर, हरितकणांबरोबर वारशाने येतो, आणि जिरेनियममध्ये तो आई-बाप दोघांकडूनही येऊ शकतो. बहुतेक फुलझाडांत तो फक्त आईकडून येतो. आनुवंशशास्त्राच्या पुस्तकात मी हे पुण्यात पाठ केलं होतं. त्या ट्रेसमोर ते पहिल्यांदा समजलं.

दुसऱ्या पिढीत अखेर बुटकी, अबोली फुलाची रोपं आली. इथून खरी निवड सुरू होते आणि तिथे मालकांचा नियम कडक: फूल बघून रोप ठेवायचं नाही. नव्या माणसाला फूल भुरळ घालतं. मालक आधी रोप उलटं करून मुळं बघतात, मग पेरांमधलं अंतर, मग शेंडा न खुडता ते आपणहून किती फाटे काढतं ते. काळं पान सावलीत हिरवट पडतं का? इथे डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा; त्या अपुऱ्या उजेडात रोप लांबोडं होतं का? तांबेरा येतो का? ऑगस्टमध्ये लावलेल्या काडीला तीन आठवड्यांत मूळ फुटतं की महिनाभर ती नुसती बसून राहते? सगळ्यात देखणं फूल ज्या रोपाचं होतं, त्याच्या दहा काड्यांतल्या दोन-तीनच जगायच्या. मी त्याच्यासाठी अडून बसले. मालकांनी वाद घातला नाही, एवढंच विचारलं, “हे रोप कुणाच्या खिडकीत पन्नास वर्षं टिकेल का?”

टिकलं नसतं. ते रोप आम्ही टाकलं.

जे ठेवलं त्याचं फूल किंचित लहान आहे. रंग मात्र तोच, खिडकीतल्या कुंडीतला, आणि काळ्या पानावर तो उजळ दिसतो. पावसात गुच्छ कुजत नाही. आणि काडी हमखास लागते. कोवळ्या पोराने लावली तरी लागते, हे आम्ही शेजारच्या शाळेतल्या मुलांकडून करवून बघितलं. त्याच्या काड्यांच्या काड्या, त्यांच्याही काड्या अशा पिढ्या काढून रंग आणि उंची फिरत नाही ना, याची खात्री केली. सगळं मिळून सात-आठ वर्षं गेली असतील.

अशा वाणावर हक्क घेता येतो. वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरपणा या तीन कसोट्या पार केल्या तर युरोपीय संघात जिरेनियमच्या वाणाला २५ वर्षांचं संरक्षण मिळतं. भारतातही २००१ च्या कायद्याने वाण नोंदवता येतं. परीक्षेला आणि दरवर्षाच्या शुल्काला पैसे लागतात. ज्याचं पोट यावर आहे त्याने हक्क जरूर घ्यावा, त्यात गैर काही नाही. चिमट्याने केलेल्या कामालाही मोल आहे. आम्ही घेतला नाही. मालकांनी निर्णय माझ्यावर सोडला होता. मला ते वाण एकाच नर्सरीच्या कागदांत बंद करायचं नव्हतं. आमच्या बाकावरून एक वाण एका वसंतात कसं जातं हे मी बघितलं होतं.

पहिल्या पन्नासेक रोपांतली निम्मी आम्ही विकली नाहीत, वाटली. दुसऱ्या नर्सऱ्यांना, बागप्रेमींच्या मंडळाच्या सभासदांना, शाळेला. प्रत्येकाला एकच अट: ऑगस्टमध्ये काडी लावायची आणि पुढच्या वर्षी एक रोप तरी दुसऱ्या कुणाला द्यायचं. त्या बाईंनाही एक नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावून फूल बघितलं, पान उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, पान जरा जास्तच काळं आहे. स्वयंपाकघरातली त्यांची जुनी कुंडी त्यांनी हलवली नाही, नवी तिच्या शेजारी ठेवली.

पुण्याला सुट्टीत येते तेव्हा नातेवाइकांच्या गच्च्या मी माळ्याच्या नजरेने बघते. जिरेनियम आपल्याकडे हिवाळ्यात छान फुलतं. पावसाळ्यातली ओल त्याला सोसत नाही, आडोशाला ठेवलं तर निभावतं. पण मला त्याहून जास्त दिसतात त्या दुसऱ्या गोष्टी: आजीने लावलेला वासाचा गावठी गुलाब, वाड्याच्या मागची कुठल्याच नर्सरीत आता न मिळणारी जास्वंद, दिवाळीच्या सुमाराला फुलणारी बारीक पिवळी शेवंती. तीही काडीवर किंवा मुनव्यांवर जगणारी वाणं. बी धरलंच तर त्यातून दुसरंच काहीतरी येतं. इमारतीचं काम निघालं, गच्चीला डांबर घालायचं ठरलं, की एका दुपारीत ती जातात, आणि त्या झाडाचं तसं दुसरं रोप कुठे आहे हे कुणालाच माहीत नसतं. उद्या कुणाला जास्वंदीचं किंवा शेवंतीचं नवं वाण करावंसं वाटलं, तर त्याला लागणारे आई-बाप याच गच्च्यांवर आहेत.

तुमच्याकडे असं झाड असेल तर त्याचं नाव माहीत असण्याची गरज नाही. पावसाच्या सुरुवातीला गुलाबाच्या, जास्वंदीच्या दोन-तीन पक्व काड्या पेन्सिलीएवढ्या तोडा, खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्या, पानं काढून कुंडीत खोचा आणि सावलीत ठेवा. शेवंतीचे मुनवे फुलं संपल्यावर वेगळे करा. एक रोप स्वतःकडे ठेवा आणि दुसरं अशा घरी द्या, जे तुमच्या इमारतीत नाही.